इंग्रजी बातमी वाचताना

कॅम्पात राहणाऱ्या माणसाला इंग्रजी येत असलेच पाहिजे, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. लष्कराची छावणी येथे, कॉन्व्हेंटच्या शाळा येथे, १८५६ साली निघालेले सेंट पॉल्स विद्यालय येथे. तेव्हा इंग्रजी येथील हवेतूनच मिळत असेल, असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. एकाच रस्त्यावर कोकणी, मराठी, कानडी, उर्दू आणि तमिळ बोलणारी घरे शेजारी-शेजारी नांदत आहेत. इंग्रजी बोलणारी घरे त्यांत मोजकीच. इंग्रजीची गरज मात्र बहुतेक प्रत्येक घराला आहे. नोकरीची परीक्षा इंग्रजीत, न्यायालयाचा निकाल इंग्रजीत, बँकेचे पत्र इंग्रजीत, आणि परगावी गेलेला मुलगा ज्या कारखान्यात काम करतो त्या कारखान्याची बातमीही पुष्कळदा इंग्रजी वर्तमानपत्रातच येते.

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक तक्रार पुनःपुन्हा आढळते. मराठी शाळेत शिकलेले, बँकेच्या अगर रेल्वेच्या परीक्षेची तयारी करणारे तरुण ती करतात. मुलांचा अभ्यास घेणाऱ्या माताही करतात. निपाणीकडील एका वाचकाने ती थोडक्या शब्दांत मांडली आहे: “फादर, वाचायला येतंय, खरं कळत नाही.” आपल्या भागात ‘खरं’ हा शब्द ‘परंतु’ या अर्थी चालतो, हे येथील वाचकांस सांगावयास नको. पुण्याकडून आलेला पाहुणा मात्र ‘येतो म्हणालाय, खरं यायचा नाही’ असे वाक्य ऐकून पहिल्या दिवशी बुचकळ्यात पडतो. अशा वेळी त्याला कोशाचा उपयोग नसतो. चार दिवस येथे राहिला, दहा जणांच्या तोंडून तोच शब्द ऐकला, की अर्थ आपोआप उमगतो. हे उदाहरण वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते कामी येईल.

आमच्या पाहण्यात असे आले आहे, की या मंडळींचे इंग्रजी ती समजतात तितके कच्चे नसते. चूक होते ती रीतीत. क्रमिक पुस्तक जसे वाचायचे तसेच ती वर्तमानपत्र वाचतात: पहिल्या शब्दापासून आरंभ, अडले की थांबणे, कोश उघडणे, वहीत अर्थ उतरविणे, पुन्हा पुढे. परीक्षेला बसलेली एक हुशार मुलगी एक रकाना वाचण्यास दीड तास लावीत असे. तिच्या वहीत सुवाच्य अक्षरात बावीस शब्द अर्थांसह लिहिलेले होते. “बरे, पण बातमी काय होती?” असे आम्ही विचारले, तेव्हा ती गप्प राहिली. बावीस शब्द हाती लागले होते. बातमी निसटून गेली होती. इंग्रजी सराईतपणे वाचणारा प्रौढ मनुष्य मिनिटाला सरासरी २३८ शब्द वाचतो, असे मार्क ब्रिसबार्ट या बेल्जियन संशोधकाने २०१९ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखविले. पाचशे शब्दांची बातमी म्हणजे त्याची दोन-सव्वादोन मिनिटे. शिकणाऱ्यास त्याच्या चौपट-पाचपट वेळ लागला, तरी लाजण्याचे कारण नाही. दीड तास मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही.

इंग्रजी बातमीची बांधणी एकदा समजली, की निम्मे ओझे उतरते. आपण घरी एखादी घटना सांगतो ती आरंभापासून: सकाळी निघालो, वाटेत अमका भेटला, मग असे झाले, आणि शेवटी मुख्य गोष्ट. बातमीत याच्या उलट असते. मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात: काय झाले, कोठे, केव्हा, कोणाच्या बाबतीत. त्याखाली महत्त्वाचा तपशील, त्याखाली कमी महत्त्वाचा, आणि तळाशी जुना इतिहास. उलटा ठेवलेला त्रिकोणच म्हणावा. छपाईच्या धंद्यात याची सोय अशी, की जागा कमी पडली तर संपादकाने खालचा भाग कापावा व बातमीचे प्राण तरीही शाबूत राहावेत. वाचकानेही हीच सवलत घ्यावी. मथळा व पहिली दोन वाक्ये सावकाश, नीट वाचावीत. ती समजली तर बातमी समजली. पुढचे वाचायचे की नाही, हे आपल्या गरजेवर. विधानसभेत कोण कोणास काय म्हणाला याचे शेवटचे चार परिच्छेद सोडल्याने कोणाचेही नुकसान झालेले आम्हांस ठाऊक नाही.

मथळ्याचे इंग्रजी ही मात्र एक स्वतंत्र बोली आहे, आणि शाळेत ती कोणी शिकवीत नाही. तेथे जागा थोडी, म्हणून ‘ए’, ‘दि’, ‘इज’, ‘आर’ हे शब्द गाळलेले असतात. काल घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगतात. ‘मिनिस्टर टु व्हिजिट’ असे असेल, तर मंत्री अद्याप आलेले नाहीत, येणार आहेत. ‘फोर हेल्ड’ म्हणजे चौघांना कोणी धरून ठेवले असे नव्हे, तर चौघांना अटक झाली. लांब शब्दांच्या जागी आखूड शब्द येतात: चौकशीला ‘प्रोब’, संमतीला ‘नॉड’, प्रयत्नाला ‘बिड’, वाढीला ‘हाइक’. भांडणासाठी जो तीन अक्षरी शब्द योजतात, तो लिहिण्यात ओळ या अर्थाच्या ‘रो’सारखाच दिसतो, परंतु त्याचा उच्चार ‘राव’ असा आहे. असे तीस-चाळीस शब्द एका वहीच्या पानावर मावतात, आणि जन्मभर पुरतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांनी इंग्रजी शिकले, त्या आमच्या वडीलधाऱ्या पिढीचे व्याकरण आजच्या पदवीधरांहून पक्के असे; परंतु मथळ्यापाशी तेही अडखळत, कारण मथळा व्याकरण पाळीत नाही.

या आखूड शब्दांपैकी एकाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. रस्ता रुंदीकरणात ज्यांच्या घराचा पुढचा भाग जाणार होता, असे एक गृहस्थ एकदा इंग्रजी वर्तमानपत्र हाती घेऊन आमच्याकडे आले. चेहरा उतरलेला. मथळा होता ‘कोर्ट स्टेज डिमॉलिशन’. ‘स्टे’ म्हणजे राहणे, हे त्यांना शाळेपासून ठाऊक. तेव्हा पाडकाम राहिले, म्हणजे कायम झाले, असा अर्थ त्यांनी लावला होता. रात्रभर घरात कोणी जेवले नव्हते. वास्तविक न्यायालयाने पाडकामास स्थगिती दिली होती. आपण मराठीत बोलताना ‘कोर्टाचा स्टे आणला’ असे सहज म्हणतो. त्या गृहस्थांनीही आयुष्यात शंभर वेळा म्हटले असेल. परंतु छापील इंग्रजी पुढे आले, की मनुष्य आपल्याला येत असलेलेही विसरतो व शाळेतला पहिला अर्थ घेऊन बसतो. ‘सँक्शन’ हाही असाच दुतोंडी शब्द. कर्ज ‘सँक्शन’ झाले म्हणजे मंजूर झाले. एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लादले म्हणजे निर्बंध घातले. ‘बिल टेबल्ड’ म्हणजे आपल्याकडे व इंग्लंडात विधेयक सभागृहापुढे मांडले. अमेरिकेत नेमके उलट, ते बाजूला ठेवले. म्हणून शब्दाचा अर्थ विचारण्याआधी तो कोठे बसला आहे ते पाहावे. पाहुण्याला ‘खरं’ समजते ते याच मार्गाने.

येथे एक अवांतर गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. इंग्रजी वर्तमानपत्रातील पुष्कळ अवघड शब्द मुळी इंग्रजी नाहीतच. लोकसभा ‘साइने डाय’ तहकूब झाली, म्हणजे पुढचा दिवस न ठरविता. न्यायालयाने ‘सुओ मोटु’ दखल घेतली, म्हणजे कोणी न सांगता, आपण होऊन. प्रकरण ‘सब ज्युडिस’ आहे, म्हणजे न्यायाधीशापुढे आहे. सगळी लॅटिन! अपघातात मृत झालेल्यांच्या वारसांना सरकार ‘एक्स ग्रेशिया’ रक्कम देते. त्यातला ‘ग्रेशिया’ म्हणजे कृपा, हा शब्द सेमिनरीत आम्ही किती निराळ्या संदर्भात घोकला होता! ती रक्कम हक्काने मागता येत नाही, देणाऱ्याच्या मर्जीने मिळते, एवढे त्या शब्दावरून वारसांनी समजावे. इंग्रजांच्या मुलांनासुद्धा हे शब्द शिकावेच लागतात. तेव्हा तेथे अडखळल्याबद्दल आपल्या वाचकांनी स्वतःला दोष देऊ नये.

आता मुख्य उपाय. तो नवा नाही; मराठी वृत्तपत्र जन्मले त्या दिवसापासूनचा आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईस ‘दर्पण’ सुरू केले. पानावर दोन उभे रकाने, एक मराठी व एक इंग्रजी. आरंभी ते पाक्षिक होते, त्याच वर्षी साप्ताहिक झाले, आणि १८४० पर्यंत चालले. कोकणातल्या पोंभुर्ल्याहून आलेल्या या तरुण पंडिताने इंग्रजी राज्यकर्त्यांस इकडच्या लोकांचे मनोगत कळावे व इकडच्या लोकांस नवी विद्या कळावी, यासाठी हा खटाटोप केला. परंतु त्याचा आणखी एक उपयोग आपोआप होत असणार. ज्याला मराठी येते आणि इंग्रजी शिकायचे आहे, त्याच्यापुढे एकच मजकूर दोन भाषांत शेजारी-शेजारी मांडलेला! डावीकडे अडले तर उजवीकडे पाहावे. पुढे ‘ज्ञानोदय’, १८६२ चे ‘इंदुप्रकाश’, १८८८ चे आगरकरांचे ‘सुधारक’, या सर्वांनी मराठीबरोबर इंग्रजी मजकूर दिला. ‘इंदुप्रकाश’चा इंग्रजी भाग काही काळ न्यायमूर्ती रानडे पाहत, ‘सुधारक’चा इंग्रजी भाग गोपाळ कृष्ण गोखले. १८८१ च्या जानेवारीत तर एकाच मंडळींनी ‘केसरी’ मराठीत व ‘मराठा’ इंग्रजीत, असे जोडीनेच काढले. आमच्या ज्येष्ठ वाचकांना घरातील जुने मिस्सा-पुस्तक आठवत असेल: एका बाजूस लॅटिन, दुसऱ्या बाजूस लोकभाषा. लॅटिनचा एकही धडा न शिकलेल्या आज्या त्या पुस्तकाच्या आधाराने अर्ध्या प्रार्थना समजून म्हणत.

दोन रकान्यांचे पत्र आज आपल्या हाती नाही. परंतु ते रोज सकाळी घरच्या घरी तयार करता येते. १९१९ साली बाबूराव ठाकूर यांनी सुरू केलेला ‘तरुण भारत’ आपल्याकडे घरोघर येतो. त्यातली एक बातमी आधी पुरती वाचावी, आणि मग तीच बातमी इंग्रजी पत्रात काढावी. स्थानिक बातमी असेल तर उत्तम. कारण काय झाले, कोठे झाले, कोण बोलले, हे ठाऊक असले म्हणजे डोळ्यांना केवळ इंग्रजी कसे सांगते एवढेच पाहावे लागते. खानापूर, चिकोडी, गोकाक, हिडकल धरण, साखर कारखाना, ही नावे कोणत्याही लिपीत ओळखीचीच. गावाचे नाव तेवढे जपून वाचावे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी ‘बेळगावी’ हे रूप आहे, त्याआधीच्या इंग्रजी कात्रणांत ‘बेलगॉम’ आढळेल, गाव एकच. ‘मराठीत आधी वाचणे ही लबाडी नव्हे काय?’ असे एका विद्यार्थ्याने विचारले आहे. मुळीच नाही. आंधळेपणाने चाचपडण्यापेक्षा दिवा घेऊन खोलीत शिरणे चांगले.

किती शब्द आले म्हणजे वर्तमानपत्र वाचता येईल, हा प्रश्न दुसऱ्या एका पत्रात आहे. त्याचे उत्तर देताना मायकेल वेस्ट यांचे नाव घेतले पाहिजे. हे इंग्रज गृहस्थ ढाक्यास शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुले इंग्रजी शाळेत जात, आणि त्यांतील पुष्कळ मधूनच शिक्षण सोडीत. मग त्या अर्धवट इंग्रजीचा त्यांना उपयोग काय? वेस्ट यांनी १९२६ सालच्या आपल्या ग्रंथात या प्रश्नासाठी विम्याच्या धंद्यातला शब्द उचलला. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तर विमेदारास काही रक्कम परत मिळते, तसे शिक्षण मध्येच सुटले तरी विद्यार्थ्याच्या हाती काहीतरी परतावा राहिला पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की अर्धवट बोलता येण्यापासून परतावा थोडा, परंतु वाचता येण्यापासून पुष्कळ. म्हणून आधी वाचन शिकवा. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे २,००० अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सामान्य मजकुरातील १०० शब्दांपैकी सुमारे ८० शब्द या यादीत सापडतात. हे ऐकून पुष्कळांस धीर येतो, आणि तो योग्यच आहे. पण उरलेले २० बातमी अडवितात. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला, की कोणाच्या मदतीशिवाय सुखाने वाचायचे, तर पन्नास शब्दांत एकाहून अधिक शब्द अनोळखी नसावा, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळे यावी लागतात. ‘रीड’, ‘रीडर’, ‘रीडिंग’ हे सारे मिळून एक कुळ. आठ हजार हा आकडा ऐकून वही बंद करण्याची घाई मात्र कोणी करू नये. कारण ते सगळे एकाच बातमीत येत नाहीत.

प्रत्येक विषयाचे शब्द ठराविक असतात. स्टीफन क्रॅशन या अमेरिकन अध्यापकाने १९८१ साली एक साधा सल्ला दिला: आज राजकारण, उद्या क्रिकेट, परवा अवकाशयान असे भटकू नये, एक विषय धरावा व त्यावरचेच वाचीत राहावे. पहिल्या दिवशी जे शब्द अडले, तेच दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटतात, तिसऱ्या दिवशी ओळखीचे होतात. आपल्या सीमाप्रश्नाचेच घ्या. १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६६ साली नेमलेला महाजन आयोग व त्याचा पुढल्या वर्षीचा अहवाल, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हा इतिहास आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असतो. या विषयावरील इंग्रजी बातम्यांत तेच वीस-पंचवीस शब्द फिरून-फिरून येतात. कोणाचे मत काहीही असो. शब्द शिकण्यास त्याचा अडथळा होत नाही. ज्याला क्रिकेटची आवड त्याने क्रिकेट धरावे, जी बाई परिचारिका आहे तिने आरोग्याचे पान धरावे. महिनाभर एकच पान.

निपाणीकडील वाचकांनी साहजिकच तंबाखूचे पान धरले, तर त्यांना एक सूचना. तेथे भाव हा केवळ आकडा नव्हे. १९८१ च्या एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले होते, आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे गेली, हे त्या भागातील घरे विसरलेली नाहीत. तेव्हा ‘कर्नाटकात लिलावात तंबाखूला चढा भाव’ अशा अर्थाचा इंग्रजी मथळा दिसला, की निपाणीचा शेतकरी हरखतो. त्याने मथळ्याखालच्या पहिल्या वाक्यात ‘व्हर्जिनिया’ अगर ‘एफ. सी. व्ही.’ ही अक्षरे आहेत का ते शोधावे. असली, तर ती बातमी म्हैसूर, हासन भागांत पिकणाऱ्या सिगारेटच्या तंबाखूची आहे. तिचे लिलाव गुंटूरच्या टोबॅको बोर्डाच्या देखरेखीखाली होतात. निपाणीची तंबाखू विडीची. तिचा बाजार वेगळा, तिचा भाव वेगळा. एक शब्द नजरेतून सुटला, आणि माल आठ दिवस अधिक ठेवला, असे होऊ नये.

नियतकालिकातील लेखांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांची घाई नसते. लेख बातमीसारखा उलटा त्रिकोण नसतो. तो पुष्कळदा एखाद्या प्रसंगाने अगर माणसाच्या वर्णनाने सुरू होतो, आणि लेखकाला काय म्हणायचे आहे हे तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात कळते. म्हणून आरंभीच्या वर्णनातले कठीण शब्द खुशाल सोडावेत. तेथे पावसाचा, झाडांचा किंवा कोणाच्या सुरकुत्यांचा तपशील असतो. चौथ्या परिच्छेदापर्यंत पोचून तेथे थांबावे, ते वाक्य शोधावे, आणि मग प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचीत शेवटपर्यंत जावे. लेख आवडला, तर दुसऱ्यांदा पूर्ण वाचावा. ‘रीडर्स डायजेस्ट’ची भारतीय आवृत्ती १९५४ पासून निघते, कोणाच्या माळ्यावर तिचे जुने अंक पडले असतील, तर सरावासाठी त्यांसारखे साधन नाही. लेख आखूड, भाषा निवळ. १८५० पासून चालत आलेले मुंबईचे ‘दि एक्झामिनर’ पुष्कळ कुटुंबांत येते. त्यातील विषय निदान आपल्या ओळखीचे असतात.

कोशाविषयी आमचे मत थोडे कठोर आहे. एका बातमीस पाच शब्द, अधिक नाही. आणि तेही बातमी एकदा न थांबता शेवटपर्यंत वाचून झाल्यावर. पहिल्या वाचनात पेन्सिलीने केवळ खूण करावी. जो शब्द दोनदा आला, किंवा ज्यावाचून मुख्य वाक्यच कळत नाही, तोच कोशात पाहण्यास पात्र. आता हातातल्या फोनवर शब्दाला बोट लावताच अर्थ उमटतो, आणि सबंध बातमीचे मराठी रूपांतरही क्षणात होते. ही सोय वाईट आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दर ओळीला बोट लावणाऱ्याची दीड तासवाल्या मुलीसारखीच गत होते, फक्त वही नसते. रूपांतर पाहायचे, तर आपण काय समजलो हे दोन मराठी वाक्यांत लिहून झाल्यावर पाहावे.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, तिकडे येतो. वर आम्ही म्हटले, की बातमीचा तळ सोडला तरी चालतो. या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. बातमीत एखाद्या माणसावर आळ असेल, तर ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्यावाचून तिच्याविषयी तोंडातून शब्द काढू नये.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका तरुणाचे नाव चोरीच्या एका प्रकरणात इंग्रजी पत्रात आले. बातमी आठ-दहा ओळींची. चहाच्या दुकानात कोणीतरी ती मोठ्याने वाचली. मथळा वाचला, नाव वाचले, आणि अर्थ सांगितला, की पोराला चोरीत धरला. मुलाचा विवाह ठरलेला होता. चर्चमध्ये त्याची सूचना एकदा वाचूनही झाली होती. संध्याकाळपर्यंत मुलीकडे निरोप पोचला. दुसऱ्या दिवशी त्याची आई कात्रण घेऊन आली. तिला इंग्रजी अक्षर ओळखता येत नव्हते. “फादर, माझ्या पोराला ह्यात चोर म्हटलंय काय?” असे तिने विचारले.

आम्ही बातमी वाचली. पहिल्या वाक्यात ‘ॲलेज्ड’ हा शब्द होता, म्हणजे चोरी झाल्याचा आरोप होता, शाबीत काही झाले नव्हते. त्याच्या नावापुढे ‘क्वेश्चन्ड’ होते, म्हणजे चौकशीसाठी बोलावले. आणि अगदी शेवटी, जेथपर्यंत चहाच्या दुकानातला वाचक पोचलाच नव्हता, तेथे लिहिले होते, की त्याचा संबंध न आढळल्यामुळे त्याला ‘लेट ऑफ’ केले, म्हणजे सोडून दिले. मुलाचा निर्दोषपणा छापलेला होता, पण तळाशी. आम्ही मुलीच्या वडिलांकडे गेलो, व प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून त्यांना मराठीत अर्थ सांगितला. ते समंजस गृहस्थ. विवाह ठरल्या दिवशी झाला. त्या आईने मात्र त्या दुकानावरून जाणे सोडले ते सोडलेच. बाजाराला ती अजूनही मागच्या गल्लीने जाते.

म्हणून आमच्या वाचकांनी वेगाने वाचण्यास आरंभ करण्यापूर्वी एवढे सात-आठ शब्द आधी पक्के करावेत. ‘ॲलेज्ड’ म्हणजे आरोप केलेले. ‘सस्पेक्ट’ म्हणजे ज्याचा संशय आहे तो. ‘डिटेन्ड’ म्हणजे ताब्यात घेतलेला, आणि ही अटकच असते असे नाही. ‘ॲक्युज्ड’ म्हणजे आरोपी. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, हे मराठीतही आपण विसरतो. ‘चार्जशीटेड’ म्हणजे पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलेला. खटला पुढेच आहे. ‘कन्व्हिक्टेड’ म्हणजे न्यायालयाने दोषी ठरविलेला. दोषी हा शब्द येथून पुढे वापरावा, आधी नव्हे. ‘ॲक्विटेड’ म्हणजे निर्दोष सुटलेला. आणि ‘बेल’ मिळणे म्हणजे जामिनावर सुटणे; त्यात दोष वा निर्दोषपणा काहीच ठरत नाही. कोशातले पाच शब्द मोजताना हे शब्द मोजू नयेत. यांतील एकाविषयी संशय आला, तर कितीही घाई असो, थांबावे.

पुढच्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सेनंतर आमच्या सभागृहात एक लांब टेबल मांडून ठेवीत आहोत. त्यावर आठवड्यातील मराठी व इंग्रजी वर्तमानपत्रे राहतील. एकाच बातमीची दोन कात्रणे काढून एका कागदावर शेजारी-शेजारी चिकटवायची, असा बेत आहे; ‘दर्पण’चे पान जसे असे तसे. सेंट पॉल्समधील मोठ्या वर्गांतील तीन मुलांनी मदतीस येण्याचे कबूल केले आहे. वयाची अट नाही. फळी, डिंक व कागद आम्ही देऊ. कात्री मात्र ज्याने-त्याने घरून आणावी.